भाव न करणारं गिऱ्हाईक

नमस्कार,

मी 62 वर्षांची आहे. साताऱ्याजवळच्या गावात राहते. यजमान एसटीत होते, ते गेल्यावर एकटीच आहे. आता कायमचं पुण्याला मुलाकडे जायचं ठरलंय, म्हणून घरातल्या वस्तू काढायला घेतल्या. शेजारच्या मुलीने जुन्या वस्तू विकायच्या साइटवर लोखंडी कपाटाचा फोटो टाकून दिला. किंमत 12 हजार. फोन नंबर यांचा दिला, तो फोन अजून चालू आहे. दहा मिनिटांत फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता. म्हणाला, मी फौजी आहे, पुण्याला बदली झाली आहे, कपाट पसंत आहे, पैसे आत्ताच देतो, उद्या आमची मिलिटरीची गाडी येऊन घेऊन जाईल. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड पाठवलं. माझं आधार कार्ड मागितलं, मी दिलं. माझा पुतण्या फौजेत आहे, त्यामुळे शंका आली नाही. आधी त्याने 5 रुपये पाठवले, ते जमा झाले. मग यांच्या फोनवर चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, माताजी, तुमच्या फोनवरून स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. यायच्या ऐवजी 12 हजार गेले. मी घाबरले. तो म्हणाला, उलटं झालं, दुसऱ्या कोडने सगळे परत येतील. त्यात 24 हजार गेले. मग एक ॲप घ्यायला सांगू लागला, तेव्हा मी फोन ठेवला. मुलाला अजून सांगितलेलं नाही. तो आधीच म्हणत होता, आई, सगळं भंगारात देऊन टाक. पैसे परत मिळतील का? शिलाई मशीन आणि पलंग अजून विकायचा आहे. तो आता विकूच नये का?

– एक वाचक, सातारा जिल्हा

काकू, नमस्कार.

तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी मी दोन ओळी पाठवल्या होत्या: आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन करा, बाकी नंतर बोलू. तुम्ही लगेच फोन केलात आणि तक्रारीचा क्रमांकही मिळाला, हे फार चांगलं झालं. आता सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी मुलाचं. त्याला आज रात्रीच सांगा. तो ओरडेल कदाचित, दहा मिनिटं ओरडेल. पण पुढे बँकेत जायचं आहे, पोलीस ठाण्यात जायचं आहे, तुमच्या आधार कार्डाचा कुणी गैरवापर करत नाही ना, हे बघायचं आहे. हे एकटीने करत बसू नका. या टोळ्यांचा मोठा आधार म्हणजे फसलेल्या माणसाची लाज. लाजेपायी लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात. तुम्ही दुसऱ्याच दिवशी अनोळखी बाईला सगळं लिहून कळवलंत. मुलाला सांगणं त्याहून अवघड नाही.

आणि ‘मी अडाणी म्हणून फसले’ हे मनातून काढून टाका. 2021 च्या फेब्रुवारीत दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीची अगदी अशीच फसवणूक झाली. जुना सोफा विकायला काढला होता. गिऱ्हाइकाने आधी थोडी रक्कम पाठवून विश्वास मिळवला, मग कोड पाठवला. दोन वेळा मिळून 34 हजार रुपये गेले. ती आयआयटीत शिकलेली. म्हणजे शिक्षणाचा, वयाचा इथे फारसा संबंध नाही. समोरचा माणूस दिवसभर हाच धंदा करतो आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा कपाट विकत असतो.

तो एकटाही नसतो. हरियाणातलं नूह, राजस्थानातलं भरतपूर या पट्ट्यात अशा टोळ्या वर्षानुवर्षं काम करतात. 2023 च्या एप्रिलमध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या 14 गावांवर एकाच वेळी छापे घातले होते. एक जण नव्या जाहिराती हेरतो, एक जण गोड बोलतो, एक जण भलत्याच लोकांच्या नावावर काढलेली खाती आणि कार्डं सांभाळतो. तुम्हाला दहा मिनिटांत फोन आला तो यामुळे. आणि फौजीच का? कारण आपल्याकडे वर्दीवर विश्वास ठेवतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तुमच्या जिल्ह्यात तर अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, घराघरात कुणी ना कुणी सैन्यात. तुमचा विश्वास चुकीचा नव्हता. त्या माणसाने तो चोरला, आणि बहुतेक वेळा ते ओळखपत्रही कुणा खऱ्या जवानाचं चोरलेलंच असतं. पुतण्याला विचारून बघा, कपाट विकत घ्यायला तो कधी अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर ओळखपत्र पाठवेल का.

आता पैशांचं. खरं ते सांगते. परत मिळतील अशी आशा ठेवा, पण पुण्याच्या खर्चात ते धरू नका. 1930 ला तक्रार नोंदली की तुमची बँक आणि पैसे ज्या बँकेत गेले ती बँक, दोघींना कळवलं जातं. रक्कम तिथे शिल्लक असेल तर रोखून धरतात. पुढे गेली असेल तर तक्रार तिच्यामागे पुढच्या बँकेकडे जाते. जेवढी सापडली तेवढीच रोखली जाते. म्हणून वेळेला एवढं महत्त्व. रोखलेली रक्कम तुमच्या खात्यात यायला पोलिसांचे कागद लागतात, कधी न्यायालयाचा आदेश लागतो, त्याला महिने जाऊ शकतात. चिकाटी ठेवावी लागेल.

फोनवरची तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर नीट पूर्ण करून घ्या. तिथे दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहारांचे ओळख क्रमांक, लागतील. ते पैसे पाठवायच्या ॲपमध्ये त्या त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतात. ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव, त्याचा फोन नंबर, सगळ्या गप्पांचे आणि त्या कोडचे स्क्रीनशॉट जोडा. काकांच्या फोनमधलं काहीही पुसू नका. रागाच्या भरात त्या माणसाला शिव्या घालायला फोनही करू नका. हे सगळं छापून घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. तोतयेगिरी करून, संगणक किंवा फोनच्या साहाय्याने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘तुम्हीच तर पिन टाकलात, यात गुन्हा कसला’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे हे कलम सांगा.

बँकेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँक बहुधा म्हणेल की व्यवहार तुमच्या पिनने झाला, आमची जबाबदारी नाही. तरीही अर्ज हवाच, कारण तुम्ही कळवल्यानंतर खात्यातून काही गेलं तर तो प्रश्न बँकेचा होतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आधार कार्डाचा फोटो गेला आहे, त्याची मला पैशांइतकीच काळजी वाटते. उद्या तुमचं कार्ड दाखवून तो तिसऱ्याच कुणाला सांगेल, ‘मी साताऱ्याची बाई, कपाट विकतेय’. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहा की आधारची प्रत या माणसाकडे गेली आहे. आधारच्या ॲपवरून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, ते मुलाकडून करून घ्या. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम कार्डं चालू आहेत ते दिसतं. तिथे अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा. आणि ते ॲप तुम्ही घेतलं नाहीत, हे फार मोठं काम केलंत. तसल्या ॲपमधून त्याला तुमच्या फोनचा पडदा दिसला असता आणि खातं रिकामं झालं असतं. तरी फोनमध्ये अर्धवट काही उतरलं नाही ना, तेवढं मुलाला बघू द्या आणि पिन बदलून टाका.

आणखी एक फोन येण्याची शक्यता आहे. ‘तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी अमुक फी भरा.’ तो स्वतःला सायबर पोलीस म्हणवेल, वकील म्हणवेल, बँकेचा माणूस म्हणवेल. पैसे परत द्यायला पोलीस कधीही फी मागत नाहीत. एकदा फसलेल्या माणसांचे नंबर या लोकांत पुढे विकले जातात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, शिलाई मशीन आणि पलंग विकू नये का. अवश्य विका. चांगलं मशीन भंगारात का द्यायचं? फक्त गिऱ्हाईक ओळखायला शिकू या, आणि त्यासाठी तुम्हाला नवीन काही शिकावं लागणार नाही. आयुष्यभर मंडईत भाजी घेतलीत, तेवढं ज्ञान पुरे आहे.

त्या दिवशीचा फोन पुन्हा आठवा. 12 हजार सांगितले, तो 12 हजारांना तयार झाला. आपल्याकडे जुन्या कपाटाला सांगितलेला भाव देणारं गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिलंत? खरा माणूस आधी म्हणेल, ‘आठला द्या’. मग विचारेल, आत लॉकर आहे का, किल्ल्या दोन्ही आहेत का, खालून गंजलंय का, दार वाजतं का, किती फुटी आहे, माझ्या जिन्यातून चढेल का, तुम्ही कितव्या मजल्यावर. मग म्हणेल, रविवारी बायकोला घेऊन येतो बघायला. आणि बायको येऊन म्हणेल, रंग चांगला नाही. या माणसाने कपाटाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे सगळे प्रश्न तुमच्याबद्दल होते: कुठलं ॲप वापरता, खातं कुठल्या बँकेत, घरात दुसरा फोन आहे का, सोबत कोण आहे. ज्याला वस्तू हवी असते तो वस्तूबद्दल बोलतो. बोलणं वस्तूवरून पैसे पाठवण्याच्या पद्धतीवर गेलं आणि तिथेच अडकून राहिलं, की फोन ठेवायचा. उत्तर द्यायची, कारण सांगायची गरज नाही.

घाई हीही तशीच खूण. ‘आत्ता लगेच पैसे देतो, जाहिरात काढून टाका, साहेब बोलावतायत, लाइनवरच राहा.’ लाइनवर राहा असं तो सांगतो, कारण फोन ठेवलात की तुम्ही शेजारच्या मुलीला विचाराल. खऱ्या माणसाला तुम्ही ‘मुलाला विचारून संध्याकाळी सांगते’ म्हणालात तर तो हो म्हणतो. शंका आली की हेच वाक्य वापरा. शंका नसली तरी वापरा.

आता त्या कोडबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. ते 5 रुपये आले तेव्हा तुम्ही काय केलं होतं? काहीच नाही. पिन टाकला नाही, कोड स्कॅन केला नाही, फोन हातातही नसेल कदाचित. 5 रुपये जसे आपोआप आले, तसेच 12 हजारही आपोआपच येतात. पैसे घेणाऱ्याला पिन कधीच लागत नाही. तो लागतो पैसे देताना आणि खात्यातली शिल्लक बघताना. कोडचंही तेच: भाजीवाल्याचा कोड आपण स्कॅन करतो आणि पैसे त्याला जातात. स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो.

पण त्याने पाठवलेल्या कोडच्या चित्रावर ‘12,000 रुपये प्राप्त करा’ असं लिहिलेलं असतं. स्कॅन केल्यावरही, शेरा लिहायच्या जागी ‘पैसे जमा’ किंवा ‘रिफंड’ असे शब्द दिसू शकतात. तो शेरा त्यानेच टाकलेला असतो, बँकेचा त्याच्याशी संबंध नाही. पिनच्या पानावर मात्र थांबून वाचलं तर खरं दिसतं: वर तुमच्या बँकेचं नाव, मग कुणाला आणि किती. ‘टू’ म्हणून दुसऱ्याचं नाव दिसत असेल, तर पैसे तुमच्याकडून निघालेत. ते नाव फौजीने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळंही असतं. पूर्वी ही टोळी कोडऐवजी थेट ‘पैसे मागण्याची’ विनंती पाठवायची आणि लोक ती मान्य करून पिन टाकायचे. ओळखी-अनोळखी माणसांनी एकमेकांकडे अशी मागणी करायची ती सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली आहे. कोड मात्र आहेच. आणि पैसे ‘उलटे झाले, पुन्हा करा’ असं कुणी म्हणालं की समजा, उलटं काहीही झालेलं नाही. असा उलटा व्यवहार सरळ करणारा कोड जगात नाही.

दुसरी एक तऱ्हा सांगून ठेवते, पलंग विकताना अनुभव यायला नको. फोनवर मेसेज येतो: तुमच्या खात्यात 15,000 जमा. लगेच त्याचा फोन: ‘अहो, चुकून 5 हजार जास्त गेले, तेवढे परत करा ना, बायको दवाखान्यात आहे.’ तो मेसेज बँकेचा नसतो, त्याने स्वतःच्या नंबरवरून टाईप करून पाठवलेला असतो. दारात येऊन मोबाइलवर ‘पैसे गेले’ असा हिरवा पडदा दाखवणारेही असतात. हुबेहूब दिसणारी खोटी ॲप मिळतात. म्हणून मेसेज बघायचा नाही, त्याचा पडदा बघायचा नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक वाढली का तेवढं बघायचं. वाढली नसेल तर वस्तू उंबरठ्याबाहेर जाणार नाही, माणूस कितीही भला दिसो, टेम्पोवाला कितीही ओरडो.

आणि खरोखर जास्त पैसे आले तर? स्वतः हाताने परत पाठवू नका. बँकेत जाऊन सांगा. ते पैसे कदाचित तुमच्यासारख्याच कुणाचे चोरलेले असतात. त्या माणसाने 1930 ला तक्रार केली की माग काढत काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि तुमचं खातं गोठवलं जातं. निर्दोष दुकानदारांची खाती अशी अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून घ्यायला आलेल्या माणसाच्या स्वतःच्या खात्यातूनच पैसे घ्या. ‘माझा मित्र पाठवतो’ याला नाही म्हणा.

तुमच्यासाठी तर सगळ्यात सोपं म्हणजे रोख. मशीन आणि पलंग दोन्ही घरी येऊन, बघून, हातात पैसे देऊन नेणाऱ्यालाच द्यायचं. जाहिरातीतच लिहा: ‘घरी येऊन बघा. रोख व्यवहार. ऑनलाइन आगाऊ रक्कम नको.’ निम्मे चोर हे वाचूनच फोन करणार नाहीत. घराचा पूर्ण पत्ता जाहिरातीत टाकू नका, फक्त गावाचं नाव. ‘एकटी राहते’, ‘गाव सोडून चाललोय, तातडीने विकणे’ असं काही नको. येणाऱ्याला दिवसा बोलवा, शेजारची मुलगी किंवा तिची आई सोबत असू द्या, आणि वस्तू पुढच्या खोलीत किंवा ओटीवर काढून ठेवा म्हणजे कुणाला आत न्यावं लागणार नाही. काकांच्या फोनचा नंबर यापुढे देऊ नका, तो एव्हाना त्या लोकांच्या यादीत गेला असेल. साइटवर नंबर लपवून तिथल्याच चॅटमधून बोलायची सोय असते, ती मुलीकडून चालू करून घ्या.

शिलाई मशीनसाठी तर मला ऑनलाइन जायची गरजच वाटत नाही. गावातल्या बचत गटात सांगून बघा, साताऱ्यात शिवणक्लास चालवणाऱ्या एखाद्या बाईंना विचारा. शिकून तयार झालेल्या मुली जुनं, चांगलं मशीन शोधतच असतात. त्या येतील, सुई ओवून दोन टाके घालून बघतील, पट्टा सैल आहे म्हणतील, भाव पाडून मागतील. पलंग सागवानी असेल तर जुन्या फर्निचरच्या दुकानदाराला एकदा दाखवा, पण त्याने सांगितलेल्या पहिल्या किमतीला देऊ नका. दुकानदार निम्म्याने सांगतात. तो आकडा मनात ठेवून मग जाहिरात द्या. वस्तू दिली की साध्या कागदावर तारीख, वस्तू, रक्कम आणि दोघांच्या सह्या एवढं लिहून घ्या. कपाटही अजून तुमच्याकडेच आहे, त्याचीही जाहिरात नव्याने करायची आहे.

तर आधी मुलाला फोन, मग संकेतस्थळावरची तक्रार आणि बँकेचा अर्ज. ते आटोपलं की जाहिरातीचा मजकूर लिहा आणि टाकण्याआधी मला पाठवा, मी वाचून देते.